उजव्या ताटलीतला धूर

सोमवार, ३ मार्च

ठिणगे,

मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत, आणि बाकीच्यांचं तू विचारत नाहीस म्हणून मी सांगत नाही.

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या आईचंच आहे. तुझा बाप लिहायला बसला की दोन ओळींत दमतो, आणि मला अजूनही 'अ' आणि 'ब' शेजारी शेजारी उभे केले तरी त्यांतला कोण कुठला ते सांगता येत नाही. तेव्हा बोलणारी मी, लिहिणारी ती. घरचा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप. मी बोलेन तेवढंच कागदावर उतरवायचं असं आमचं ठरलंय. तरी पाकीट बंद करण्याआधी मी पोस्टात जाते आणि खिडकीवरच्या बाईकडून सगळं वाचून घेते. सुनेवर विश्वास नाही असं नाही, सवय नाही.

बातमी अशी की आपल्या दुकानातला तंगड्या भाजायचा कोळसा बंद होतोय. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी सह्या गोळा केल्या. चाळीस वर्षं आपल्या भट्टीचा वास आला की चपला पायांत सरकवून खाली उतरणारे हेच लोक. आता म्हणे त्यांचे पडदे काळे होतात. नोटीस आलीय. महिनाअखेर उघडा विस्तव बंद. धुरांडं लावून एखादं यंत्र ठेवलं तर चालेल.

त्यावरून घरात दोन पक्ष पडलेत. तुझ्या बापाला पेलेट ग्रिल हवंय. त्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जळतात, म्हणजे थोडा धूर येतो आणि मालाला लागतो. तो म्हणतो, "धूर नसेल तर लोक आपल्याकडे कशाला येतील? घरीच तव्यावर भाजतील." तुझ्या आईला गॅसचं हवंय. का, ते तुला माहीत नसेल. डॉक्टरनं तिची छाती तपासली आणि सांगितलं, आता धूर नाही, थोडासुद्धा नाही. तुझा बाप गल्ल्यावर बसतो, विस्तवापुढे ती उभी असते. वीस वर्षं उभी आहे. आता तिला त्याचं कौतुक हवंय.

मी म्हटलं, भांडू नका. दोन्ही विकणारे आठ-दहा दिवस आपापलं यंत्र ठेवून जायला तयार आहेत. दोन्हींवर एकच माल भाजा, मी खाईन आणि सांगेन. दोघांनी मान्य केलं. न करून सांगतात कुणाला? या दुकानातून पहिला तुकडा माझ्या ताटलीत पडल्याशिवाय दुसरा गिऱ्हाइकाला गेलेला नाही. तुझी आई एवढंच म्हणाली, "आई, चव तुम्हीच सांगा, पण माझ्या छातीचाही थोडा विचार करा."

मी म्हटलं, "छातीला चव नसते."

लिहिलंस का गं? लिहिलं तिनं. बघ, अक्षर जराही हललेलं नाही.

तुला काय वाटतं ते कळव. तुझं मत मी ऐकेन असं नाही, पण तुला विचारल्याचं इथे सगळ्यांना कळेल.

खुर्चीवरूनच,
तुझी आजी


बुधवार, १२ मार्च

ठिणगे,

पत्र मिळालं. तुझ्या आईनंच वाचून दाखवलं. बाळ जिन्याच्या पायऱ्या चढायला लागलंय, ही ओळ तिनं दोनदा वाचली. मी म्हटलं, एकदा पुरे, मी बहिरी नाही.

मग तुझी ती दुसरी ओळ आली. 'आजी, तू धूरवालंच घे. ज्यांना दुकान सोडून चार दिवस कुठे जाववत नाही, त्यांनी धूर खायला काय हरकत आहे?' तीही तिनं वाचली. न गाळता वाचली, हे मला पोस्टातल्या बाईनं पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा कळलं. शब्दाला शब्द जुळला. मला वाटलं होतं गाळेल.

वाचून झाल्यावर कागदाची घडी घालता घालता मला विचारते, "आई, असं का लिहिलं असेल तिनं? मी कुठे जायचं होतं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत. मी अडाणी बाई."

हे लिहिताना ती थांबलीय. लिही, लिही. कागद संपत आला नाही अजून.

दोन्ही यंत्रं येऊन पडलीत. पेलेटवालं काळं आहे, पोट सुटलेल्या हवालदारासारखं. बाजूला एक पेटी, त्यात गोळ्या ओतायच्या. हुबेहूब लेंड्या. मी त्या विकणाऱ्या पोराला विचारलं, "ही कुठल्या शेळीची?" तो म्हणाला, "आजी, हे इंपोर्टेड आहे." म्हटलं, शेळी विमानातनं आली की काय. आत एक मोठा स्क्रू फिरतो, तो गोळ्या हळूहळू विस्तवाकडे ढकलतो, पंखा वारा घालतो, आणि पुढच्या काचेवर आकडा येतो. दोनशे म्हटलं की दोनशे. मला तळवा निखाऱ्यावर धरून ते ओळखायला अर्धा जन्म लागला. तापायला मात्र पाव तास घेतं, रोज राख काढावी लागते, पेटीवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे माणूस लागतं.

गॅसवालं दवाखान्यातल्या गाडीसारखं चकचकीत आहे. खटका दाबला की टक् करून पेटतं, चार निळ्या ओळी. पाच मिनिटांत तापतं. धूर नाही, राख नाही, आणि माणसाचीही फारशी गरज नाही. तुझा बाप गल्ल्यावरून उठून दोन चिमटे फिरवील आणि पुन्हा जाऊन बसेल. मग तुझी आई मोकळी. मोकळी झालेली माणसं कुठे कुठे जातात ते मी पाहिलेलं आहे.

गेले दोन दिवस ती गॅसवर काम करतेय. एकदाही खोकली नाही. मुद्दामच, असं मला वाटतं.

घरात बाकी काही नाही. परवा दूध करपलं. मी शेजारीच शेंगा सोलत बसले होते, तुझी आई जिन्यावरून धावत आली, पातेलं उतरवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, "बघतेस काय? मला वाटलं तू आटवायला ठेवलंयस." तरी बघतच राहिली. हल्ली ती फार बघते.

आणि हो, या कागदाच्या तळाशी खाडाखोड दिसेल. ती ओळ माझी नाही. तुझ्या आईनं माझ्या सहीच्या खाली गुपचूप लिहिली होती, 'बाळ आता बोलतं का?' पोस्टातल्या बाईनं सगळं वाचलं, तेही वाचलं. मी परत घरी येऊन हा सगळा मजकूर तिच्याकडून नव्या कागदावर पुन्हा लिहून घेतला. तळाशी ती ओळही पुन्हा लिहायला लावली आणि तिच्याच हातानं खोडून घेतली. ती ओळ नुसती गाळली असती, तर खोडलंय हे तुला कळलं असतं कसं? कागद माझा आहे. तिला बोलायचं असेल तर तिनं आपला आणावा.

तुझी आजी


गुरुवार, २० मार्च

ठिणगे,

निकाल लागला. पेलेट.

काल दुपारी गर्दी ओसरल्यावर कार्यक्रम ठेवला होता. दोन्ही विकणारे टाय लावून आले होते, जसे काही मुलगी बघायला. चार नेहमीची गिऱ्हाइकं थांबली. वरच्या मजल्यावरची ती पडदेवालीही उतरली, फुकट तुकडा मिळेल म्हणून. तुझ्या बापानं माझी खुर्ची मध्यभागी आणून ठेवली. भाजायचं काम अर्थात तुझ्या आईचं. आत दोन्ही यंत्रं चालू, आणि बाहेर आम्ही सगळे वाट बघत.

तिनं दोन ताटल्या आणल्या. एकाच कोंबडीच्या दोन तंगड्या. एक माझ्या डाव्या हाताला ठेवली, एक उजव्या. कुठली कशावरची ते मला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. कागदाच्या चिठ्ठ्या ताटल्यांखाली चिकटवल्या होत्या.

मी डोळे मिटले. आधी डावी खाल्ली. पाणी प्यायले. मग उजवी खाल्ली. घाई केली नाही. लोकांना थोडं ताटकळत ठेवल्याशिवाय निकालाला वजन येत नाही. तुझी आई समोरच उभी होती, हात पदराला पुसत. तिचे हात कोरडेच होते.

मग मी म्हटलं, "उजवी. हिच्यात धूर आहे. लाकडाचा, गोड, मागून येणारा. डावीत नुसतं मीठ आणि मांस."

तुझ्या बापानं चिठ्ठी उलटली. पेलेट. पेलेटवाल्या पोरानं टाळ्या वाजवल्या. पडदेवाली म्हणाली, "आजींची जीभ म्हणजे जीभ." गॅसवाला आपली नळी गुंडाळून घेऊन गेला. तुझ्या आईनं दोन्ही ताटल्या उचलल्या आणि आत नेल्या.

रात्री जेवताना तुझ्या बापानं तिला म्हटलं, "नाक झाकायला एखादं फडकं बांध." विचारी आहे हो तो.

ती कालपासून एक शब्द बोललेली नाही. रुसली म्हणावं तर तेही नाही. हरलेली माणसं गप्प असतात, त्यांना थोडे दिवस द्यावे लागतात. आज लिहायला बोलावलं तेव्हा पेन घेऊन मुकाट आली. मधे एकदा मान वर केली आणि विचारलं, "धूर 'मागून येणारा' की 'मागनं येणारा', कसं लिहू?" म्हटलं, तुला आवडेल तसं लिही. एवढी मोकळीक मी तिला देते.

तुझी आजी


सोमवार, ३१ मार्च

ठिणगे,

यंत्रानं आज दगा दिला. तुझा बाप विकणाऱ्याला फोनवर शिव्या घालतोय, म्हणून मी आत येऊन बसले. तुझ्या आईला मोरीत पाण्याचा हबका मारून आणलंय लिहायला. नाही म्हणाली नाही.

बसवल्यापासून सात दिवस बरं चाललं. आज सकाळी चाळीस तंगड्यांची ऑर्डर होती, कुठल्याशा ऑफिसात कुणीतरी निवृत्त होणार होतं. तिनं पेटीत गोळ्या ओतल्या. आतला स्क्रू दोनदा कण्हला आणि अडकला. गोळ्या फुगून त्यांचा लगदा झाला होता, पेजेसारखा. विस्तवाला धड जळण मिळेना, पंखा मात्र चालू. अर्धवट धुमसायला लागलं आणि धुरांड्यात न मावणारा धूर झाकणाखालून बाहेर. पिवळा, जाड, उशीत भरता येईल असा.

तुझा बाप बाहेर पळाला. मी खुर्चीसकट बाहेर. तुझ्या आईला वाटलं ऑर्डर जळेल, म्हणून ती आतच. झाकण उघडून एकेक तंगडी काढत बसली. चाळीसच्या चाळीस काढल्या हो, मोजून. मग बाहेर आली आणि फरशीवर बसली. खोकला म्हणजे किती, गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडे गेली. ओठ जांभळे झाले होते. मी म्हटलं, "ऊठ, अशी दारात बसू नकोस, लोक बघतात." पाच मिनिटांनी उठली.

आता गोळ्या भिजल्या कशा, ते सांगते. पोतं मागच्या अंगणात ठेवलेलं होतं, कोळशाचं पोतं ठेवायचो तिथेच. तुला आठवत असेल, कोळशावर रोज सकाळी तांब्याभर पाणी शिंपडायचं, म्हणजे पूड उडत नाही. आपल्याकडची जुनी पद्धत. तर कुणीतरी सवयीनं गोळ्यांच्या पोत्यावरही सात दिवस पाणी शिंपडत होतं. कुणाची चूक ते स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे नंतर घोळ नको. पोत्यावर पाणी


गुरुवार, ३ एप्रिल

ठिणगे,

अक्षर वेगळं दिसेल. पोस्टाच्या खिडकीवरची बाई लिहितेय. तिची जेवणाची सुट्टी आहे, डबा बाजूला ठेवून लिहितेय, म्हणून लवकर आटपते. सोमवारचा अर्धा कागद सोबत आहे. तो अर्धा का राहिला ते आधी सांगते.

मी तुझ्या आईला म्हणत होते, लिही की पोत्यावर पाणी तू मारलंस. तिनं पेन खाली ठेवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाली, "हे मी नाही लिहिणार. रोज सकाळी तांब्या घेऊन मागे जाता ते तुम्ही."

म्हटलं, "असेन. पण तू लिहायला काय हरकत आहे? बोलणारी मी आहे."

ती हसली. मला तिचं हसणं आठवत नव्हतं, म्हणून आधी कळलंच नाही. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आई, त्या दिवशी दोन्ही ताटल्यांत गॅसवरचंच होतं. एकाच जाळीवरच्या दोन तंगड्या. चिठ्ठ्या मी चिकटवल्या होत्या."

मी तो अर्धा कागद माझ्याकडे ओढला.

"दूध करपलं त्या दिवशीच मला शंका आली. तुम्हाला वास येत नाही. चवही नाही. थंडीत ताप येऊन गेला तेव्हापासून. मीठ मागता ते काय मला दिसत नाही?"

बरोबर आहे तिचं. माझ्या जिभेला पाणी आणि मटण एकच लागतं, आज चार महिने झाले. मी त्या खुर्चीत जीभ म्हणून बसलेली. जीभ गेली म्हटलं असतं, तर म्हातारी कुठे ठेवायची याची बैठक बसली असती. तुझा बाप बैठका छान घेतो.

मी तिला विचारलं, "मग त्याच वेळी का नाही बोललीस? सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं होतंस मला."

ती म्हणाली, "मला तुम्हाला पाडायचं नव्हतं. 'दोन्ही सारखंच लागतं,' एवढं म्हणाला असतात तरी पुरे होतं. तेच खरं होतं. दोन्ही सारखं म्हटल्यावर गॅसच आला असता, आणि तुमचं काही कुणाला कळलं नसतं. मी तुमच्यासाठी वाट मोकळी करून ठेवली होती. तुम्ही डोळे मिटून माझा धूर मागवलात."

मग ती उठली. दोन दिवस तिनं घरातली सगळी कामं केली, माझ्या औषधाच्या गोळ्या वाराप्रमाणे डब्यात भरल्या, चिमटे घासून ठेवले. आज सकाळी पिशवी घेऊन खाली आली. तुझा बाप म्हणाला, "आणि विस्तवापुढे कोण उभं राहणार?" पहिला प्रश्न हाच. ती म्हणाली, "तुम्ही. फडकं बांधा."

मला म्हणाली, "मी लेकीकडे जातेय. तिनं दारात घेतलं नाही तर तसं. पण एकदा तोंडानं विचारते, माझं काय चुकलं." पत्ता तिला पाठ आहे. पाकिटावर तीच लिहायची.

बस उद्या सकाळी तिला तुझ्या शहरात पोचवेल.

आता तुला ते सांगते जे तिच्या हातून लिहवता आलं नसतं.

बाळाच्या वेळी तुझं पोट दुखायला लागलं तेव्हा तू दुकानात फोन केला होतास. तुझ्या आईकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता. मी उचलला. तू म्हणालीस, आजी, मला भीती वाटतेय, आईला आत्ता पाठव. ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती, निखारे सारखे करत. दीडशे माणसांची ऑर्डर होती आणि विस्तवापुढे दुसरं कुणी नव्हतं. मी तिला सांगितलंच नाही. संध्याकाळी तुझा पुन्हा फोन आला तेव्हा मी म्हटलं, विचारलं गं, ती म्हणते दुकान सोडून येता येणार नाही.

तिला बाळ झाल्याचं दहा दिवसांनी कळलं, तू माझ्या नावानं पाठवलेल्या कार्डावरून. ते तिनंच मला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "मला कळवावंसंही वाटलं नाही तिला." मी म्हटलं, हल्लीच्या मुली.

म्हणजे दीड वर्ष तू तिच्यावर रुसलीस आणि ती तुझ्यावर, आणि तुमच्या दोघींची पत्रं माझ्या मुठीतून जात होती. दुकान मात्र चांगलं चाललं.

पोस्टातली बाई लिहायची थांबलीय. लिही बाई, तुझा डबा गार होतोय. ती मला विचारतेय, "आजी, हे तातडीच्या टपालानं पाठवू ना? उद्या दुपारपर्यंत पोचेल. किंवा तार समजून मी माझ्या फोनवरून त्यांना निरोप देते, माझा नंबर त्या ओळखत नाहीत, उचलतील."

मी म्हटलं, साध्यानं पाठव. साध्या टपालाला चार दिवस लागतात.

माझ्याकडे अशी बघू नकोस, हेही लिही. तिनं मला दहा-बारा दिवस सगळ्या गल्लीत धुराचं कौतुक सांगत फिरू दिलं, आणि स्वतः माझ्याच समोर बसून ते स्वच्छ अक्षरात उतरवून घेत राहिली. एकदाही हात हलला नाही तिचा. त्याचे तीन दिवस तिनं तुझ्या दारात काढावेत. फार नाहीत.

तेव्हा ठिणगे, हे तुझ्या हातात पडेल तेव्हा ती येऊन तीन दिवस झालेले असतील. आत घेतली असलीस, तर तिला हे वाचून दाखव, न गाळता, तिनं तुझं वाचलं तसं. परतवून लावली असलीस, तर इकडे शोधू नकोस, इथे ती येणार नाही. तुमच्याकडच्या बसस्टँडवर विचार. खोकणारी बाई लोकांच्या लक्षात राहते.

आजी